गाडीबद्दल सगळं खरं सांगितलं आणि कोऱ्या फॉर्मवर सही करून बसलो

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. माझी 2013 ची पल्सर 150, 78,400 किलोमीटर चाललेली, गेल्या ऑगस्टमध्ये विकली. म्हणजे विकली असं मला वाटलं.

जाहिरातीत काहीच लपवलं नव्हतं. टाकीला डावीकडे पोचा, लेगगार्ड वाकलेला, सायलेन्सरला गंज, बॅटरी मेलीय म्हणून सेल्फ लागत नाही, किक मारावी लागते, 61,000 ला हाफ इंजिन काम केलंय, सगळं फोटोसकट. 28,000 सांगितले होते. आलेला माणूस पस्तिशीचा, गोड बोलणारा, "साहेब, इतकं खरं सांगणारा माणूस आजकाल मिळत नाही" म्हणाला आणि मी फुगलो. 26,500 ला ठरलं, 500 टोकन लगेच फोनवरून.

आता रात्री झोप लागत नाही ती इथेच. दुसऱ्या दिवशी गाडी न्यायला आला तर त्याने चेन बघितली नाही, टायर बघितले नाहीत, राउंडसुद्धा मारली नाही. जुनी गाडी घेणारा माणूस आधी इंजिनाला कान लावतो हो! हा फक्त आरसी उलटसुलट करून बघत होता आणि बँकेचं एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, आहे का विचारत होता. त्याला गाडी नकोच होती, माझ्या नावाची गाडी हवी होती. मला मात्र वाटलं, विश्वास ठेवतोय बिचारा.

18,000 दिले, 8,000 नाव ट्रान्सफर झाल्यावर. नाव ट्रान्सफरच्या आरटीओ फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेतल्या, खरेदीदाराची जागा कोरी. मी विचारलं, नाव? तर म्हणे मेव्हण्याच्या नावावर करायचीय, त्याचं आधार गावाला आहे, नंतर भरतो. बायको आतून "थांबा जरा" म्हणाली, तिच्यावरच डाफरलो. आणि खरं सांगा, आपल्याकडे कोण भरलेल्या फॉर्मवर सही करतं? वडिलांची स्कूटर, भावाची स्प्लेंडर, सगळ्या अशाच गेल्या, काही झालं नाही.

महिन्याभरात फोन बंद. मग मेसेज यायला लागले. हडपसरला विदाऊट हेल्मेट 500, ट्रिपल सीट 1,000, सिग्नल 500, परत हेल्मेट, परत ट्रिपल. पाच चलान, 3,500 रुपये. फोटो उघडला तर मागच्या मडगार्डवर पोराने चिकटवलेला वाघ तसाच, वर तीन जण बसलेले.

पोलीस स्टेशनला गेलो तर साहेब म्हणतात, चावी तुम्ही दिली, सही तुम्ही केली, मग चोरी कसली, सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा. अर्ज लिहून नेला तर आवकचा शिक्का मारायला तीन चकरा, कधी बंदोबस्त, कधी साहेब मीटिंगला. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर पलीकडची बाई म्हणते पैसे तुमच्या खात्यात आलेत ना, गेले कुठे? आरटीओत तर कहर, क्लार्क मान वर न करता म्हणाला 14 दिवसांत फॉर्म 29 तुम्हीच द्यायचा असतो, आता खरेदीदाराचं नाव-पत्ता आणा. अरे, तोच तर सापडत नाही! चलानची तक्रार ऑनलाइन टाकली तर उत्तर, वाहन आपल्या नावावर आहे. ते मलाही माहितीय, म्हणून तर रडतोय.

पैशापेक्षा भीती मोठी आहे. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच सांगून ठेवलंय की नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर. इन्शुरन्स संपत आला होता, म्हणून परक्या माणसाच्या गाडीचा थर्ड पार्टी मी भरलाय, जीएसटीसकट 843 रुपये. हसा.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, सख्खा मेव्हणा आला तरी. मूळ आधार हातात घेऊन बघा, झेरॉक्स नको. एक रुपयासुद्धा "नंतर" ठेवू नका, राहिलेले 8,000 हे मला गप्प बसवायला होते, मी महिनाभर त्याच आशेवर थांबलो. गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहून त्याची सही घ्या, गाडीसोबत त्याचा फोटो काढा, आणि नाव ट्रान्सफरचा अर्ज स्वतः सोबत जाऊन टाका, दिवस मोडला तरी चालेल. बायको थांब म्हणाली तर थांबा.

परवा दुपारी सहावा मेसेज आला, हेल्मेट, 500. म्हणजे गाडी चालतेय अजून. बॅटरी काही त्याने बदलली नसणार, किकच मारत असेल.