नौपाड्यातलं समुपदेशन केंद्र: मुलं घरी परतल्यानंतर

ठाण्यात फॅमिली काउन्सेलिंग म्हटलं की नवरा-बायकोची भांडणं, नाहीतर दहावीचं टेन्शन. मुलं फॉस्टर केअरमधून, म्हणजे काही काळ दुसऱ्या कुटुंबात राहून, परत आलीत असं सांगितलं, की समोरचा आधी आपल्यालाच वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. आधीच्या एका ठिकाणी पहिला प्रश्न होता, "मुलं काढून का घेतली होती?" तिथे मी परत गेले नाही. गोखले रोडच्या मागच्या गल्लीतल्या या केंद्रात मला आरोपीसारखं बसवलं नाही, तेवढ्यावरूनच मी एक स्टार दिला असता.

नवरा गेला आणि पाठोपाठ मला औषधाला दाद न देणारा टीबी झाला. बघायला कोणी नव्हतं. बालकल्याण समितीच्या आदेशाने दोन्ही मुलं डोंबिवलीच्या एका कुटुंबाकडे राहिली. माणसं भली होती. बाल न्याय कायद्यात (२०१५) अशा घराची दर महिन्याला पाहणी करायची तरतूद आहे, आई-वडिलांना भेटताही येतं. पण मुलं एकदा घरी आली की हातात आदेशाची प्रत आणि "आता नीट सांभाळा" एवढंच.

पहिले काही दिवस दोघं इतकी शहाणी वागली की शेजारणी कौतुक करायच्या. धाकटा आठ वर्षांचा, आपल्याच घरात माठाजवळ उभा राहून विचारायचा, "पाणी घेऊ का?" मला तो संस्कार वाटत होता. इथल्या ताई म्हणाल्या, "तो अजून पाहुणा आहे. भांडायला लागला की समजा घरी आला." आणि खरंच पुढच्या महिन्यात थोरलीने ताट ढकललं, "तिकडे भाजीत गूळ घालायचे" म्हणून. मला राग आला होता, पण ताईंचं बोलणं आठवलं म्हणून ओरडले नाही. गूळ घातला. (मला अजूनही नाही आवडत.)

इथे पहिल्यांदा एकट्या आईला किंवा वडिलांना बोलावतात, मुलांना नंतर. धाकट्याशी ताई कॅरम खेळतात. स्ट्रायकर हरवलाय, सोंगटीनेच मारतात. प्रश्न विचारत नाहीत, तोच आपणहून बोलतो. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही रविवारी संध्याकाळी डोंबिवलीला व्हिडिओ कॉल ठेवलाय. सुरुवातीला मला ते अजिबात पटत नव्हतं. ज्या घराची आठवण येते तिथेच फोन कशाला? पण कॉल सुरू झाल्यापासून धाकटा रात्री उठून दाराशी जाऊन बसायचा, ते थांबलं. झोपायची वेळ, जेवायची वेळ एकच ठेवा, आणि कुठे गेलात तर "येते" एवढंच न म्हणता किती वाजता ते सांगा, हेही त्यांचंच. साधं वाटतं, पण फरक पडतो.

बालसंगोपन योजनेचा फॉर्म इथेच समजावून दिला. एक पालक गेलेल्या मुलांनाही ती लागू होते, महिन्याला मुलामागे २२५० रुपये. हे मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

आता तक्रारी. दुसरा मजला, लिफ्ट नाही. माझ्या फुप्फुसांना तो जिना म्हणजे शिक्षाच. बसायची जागा इतकी अरुंद की आतलं रडणं बाहेर ऐकू येतं. थोरलीला ते मुळीच आवडलं नाही, तिने एकदा आत जायलाच नकार दिला. फी कमाईप्रमाणे ठरते, पण ती आपणच विचारावी लागते. काउंटरवरची मुलगी आधी पूर्णच रक्कम सांगते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांसाठी वेगळं काही नाही, सगळं लहान मुलांच्या हिशोबाने.

पाचपैकी चार. शनिवारची वेळ हवी असेल तर आठवडाभर आधी फोन करा, कामावरचे सगळे तीच मागतात. बाईक आणू नका, स्टेशनवरून चालत या.