टिओ: मिनिकॉम सोडल्यानंतरचे काही महिने

टिओ आणि मिनिकॉम हे दोन्ही सिरियल पोर्टवरून बोर्डाशी बोलायचे टर्मिनलवरचे प्रोग्रॅम. माझं काम सांगतो: ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड, एक जुना राउटर, लॅपटॉपवर उबुंटू. मिनिकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या तारांवरून 'आता पाठव' असा इशारा मिळेपर्यंत थांबणं) आधीपासूनच चालू असतो, त्यामुळे तीन तारा जोडलेल्या राउटरवर अक्षरं दिसतात पण आपलं टायपिंग पोचत नाही. या एका गोष्टीने किती जणांचं डोकं फिरवलं असेल! टिओला पोर्टचं नाव दिलं की ११५२०० बॉड या वेगावर थेट सुरू.

पण मी टिकलो ते रीकनेक्टमुळे. बोर्डाची केबल उपटली की पोर्टच नाहीसा होतो. टिओ बंद पडत नाही, वाट बघत बसतो. केबल खोचली की बूट लॉग समोर. त्यासाठी पोर्ट '/dev/serial' मधल्या 'बाय-आयडी' फोल्डरमधल्या नावाने उघडावा, म्हणजे यूएसबी० चं यूएसबी१ झालं तरी फरक पडत नाही. सीएच३४० या यूएसबी-सिरियल चिपच्या स्वस्त बोर्डांना मात्र बहुतेकदा सिरियल नंबर नसतो, दोन जोडले की आयडी एकच. तिथे शेजारचं 'बाय-पाथ' फोल्डर वापरायचं आणि कुठला बोर्ड कुठल्या सॉकेटमध्ये हे लक्षात ठेवायचं.

टाइमस्टॅम्पशिवाय आता लॉग वाचवतच नाही. एक बोर्ड अधूनमधून आपोआप रीसेट व्हायचा. आधीच्या ओळीपासून किती वेळ गेला ते दाखवणारा 'डेल्टा' प्रकार लावला, तर प्रत्येक रीसेटच्या आधी बरोबर पाच सेकंदांची शांतता. म्हणजे वॉचडॉग, कोड अडकला की बोर्ड रीसेट करणारा टायमर! वायफाय तुटल्यावर कोड एका लूपमध्ये अडकत होता.

ईएसपी८२६६ चे बूट मेसेज ७४८८० अशा विचित्र वेगाने येतात, तोही आकडा टिओ निमूटपणे घेतो.

तक्रार एकच, पण खरी. टिओच्या आवृत्ती २ मध्ये कमांडच्या पर्यायांतला छोटा एल म्हणजे लॉग आणि मोठा एल म्हणजे पोर्टांची यादी. आवृत्ती ३ मध्ये नेमकं उलट. जुन्या स्क्रिप्ट गुपचूप भलतंच करतात. स्क्रिप्टमध्ये पूर्ण लांबीचे पर्यायच लिहा, आणि तेही एकदा तपासून घ्या.

बाहेर पडायला कंट्रोल-टी, मग क्यू. फर्मवेअर फ्लॅश करण्याआधी हे करावंच लागतं, पोर्ट मोकळा हवा. 'परमिशन डिनाइड' आलं तर सुडो मारत बसू नका, स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये टाका आणि लॉगआउट करून परत या. उबुंटू २२.०४ वर सीएच३४० जोडल्या जोडल्या गायब होत असेल, तर बीआरएलटीटीवाय हे ब्रेल डिस्प्लेचं पॅकेज तो पोर्ट पळवतंय. ब्रेल डिस्प्ले लागत नसेल तर काढून टाका.