दोन चलांचं नातं तपासायला कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लस: काय देतो, काय लपवतो

संख्याशास्त्राच्या पेपरसाठी कॅल्क्युलेटर घेताना निवड बहुतेक वेळा एफएक्स-८२एमएस आणि एफएक्स-९९१ईएस प्लस यांच्यात अडते. सहसंबंध (दोन चलांचं नातं किती घट्ट) आणि रिग्रेशन (एकावरून दुसऱ्याचा अंदाज देणारी रेषा) करायचं असेल तर थोडे जास्त पैसे घालून ९९१ घ्यावा, हे आमचं स्पष्ट मत. गणिताचं उत्तर दोन्हींकडे सारखंच येतं. फरक आकडे भरण्याच्या पद्धतीत आहे, आणि चुका नेमक्या तिथेच होतात.

८२एमएसमध्ये एक्स, स्वल्पविराम, वाय आणि मग एम प्लसचं बटण दाबलं की जोडी आत जाते आणि नजरेआड होते. मागे जाऊन पाहता येतं, पण एकेक करून. ९९१मध्ये दोन रकान्यांचा तक्ता दिसतो, ४० जोड्या मावतात आणि चुकलेला आकडा जागेवरच बदलता येतो.

९९१चा वापर असा: मोड, मग ३ (स्टॅट), मग २ (ए + बीएक्स). एक्सचा रकाना पूर्ण भरा, मग वायचा. एसी दाबा. त्यानंतर शिफ्ट आणि १ दाबलं की मेनू येतो: ३ वर बेरजा, ४ वर सरासरी आणि प्रमाण विचलन, ५ वर रिग्रेशन. रिग्रेशनमध्ये १ म्हणजे ए (रेषा वाय अक्षाला छेदते तो आकडा), २ म्हणजे बी (चढ), ३ म्हणजे आर (सहसंबंध गुणांक) आणि ५ म्हणजे वाय-हॅट (दिलेल्या एक्सवरून वायचा अंदाज). पेपरात रकान्यांच्या बेरजा दाखवाव्या लागतात, म्हणून ३ नंबरचा मेनू सर्वांत कामाचा.

कोल्हापुरात महाद्वार रोडवर घ्या की राजारामपुरीत, दुकानातच या पाच जोड्या भरून पाहा: (१०, १८), (२०, २१), (३०, २३), (४०, २८), (५०, ३०). ए १४.७, बी ०.३१ आणि आर ०.९९०३ यायला हवं. मग ४५ टाकून शिफ्ट, १, ५, ५ आणि बरोबरचं (=) बटण दाबा, २८.६५ येईल. आता मुद्दाम २८ च्या जागी ८२ टाका. आर थेट ०.५० वर येतो. एका उलट्या आकड्याने एवढा फरक पडतो आणि यंत्र ‘हूं’ की ‘चूं’ करत नाही.

एक्स आणि वायची अदलाबदल मात्र आर पाहून कधीच सापडत नाही. वरचे रकाने उलटे भरले तरी आर ०.९९०३ च राहतो. बी मात्र ०.३१ ऐवजी ३.१६ होतो. या दोन बींचा गुणाकार आरच्या वर्गाएवढा, म्हणजे सुमारे ०.९८ येतो. पेपरात दोन्ही रिग्रेशन रेषा विचारल्या असतील तर पडताळणीचा हाच सगळ्यात सोपा मार्ग.

जुना डेटा राहून जाणं ही ८२एमएसवर हमखास होणारी चूक. नवं उदाहरण घेण्याआधी शिफ्ट, मोड, १, = असं करून पुसायचं आणि उत्तर लिहिण्याआधी एन (भरलेल्या जोड्यांची संख्या) पाहायचा: शिफ्ट, १, ३, =. ९९१वर अडचण उलट आहे. स्टॅट मोडमधून बाहेर पडलं की सगळा तक्ता जातो, म्हणून साधा गुणाकार करायलाही मोड बदलू नका, एसी दाबून तिथेच करा. सेटअपमध्ये वारंवारतेचा (एकच जोडी किती वेळा आली त्याचा) रकाना चालू-बंद केला तरी तक्ता पुसला जातो.

स्पिअरमनचा क्रमांक सहसंबंधही (आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांकांमधला सहसंबंध) ९९१वर होतो, हे फारसं सांगितलं जात नाही. मूळ आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक दोन रकान्यांत भरा, समान असतील तर सरासरी क्रमांक. येणारा आर हाच स्पिअरमनचा गुणांक. समान क्रमांक असताना ६ सिग्मा डी-वर्गाचं (डी म्हणजे दोन क्रमांकांतला फरक) साधं सूत्र दुरुस्तीशिवाय वापरलं तर थोडं चुकतं, ही पद्धत चुकत नाही.

आता खरी उणीव. या यंत्रावर बिंदूंचा आलेख दिसत नाही, आणि आलेखाशिवाय आर आंधळा असतो. फ्रान्सिस ॲन्स्कोम्बने १९७३ मध्ये याच मुद्द्यासाठी चार डेटासंच दिले. प्रत्येकात ११ जोड्या, चारही संचांत रेषा जवळपास वाय = ३ + ०.५ एक्स आणि आर सुमारे ०.८२. एकात बिंदू रेषेभोवती नीट विखुरलेत, दुसऱ्यात स्वच्छ वक्र आहे, तिसऱ्यात एक बिंदू भरकटलाय. चौथ्यात दहा जोड्यांत एक्स ८ आणि एकीत १९. ती १९ ची जोडी काढली की ९९१ ‘मॅथ एरर’ दाखवतो, कारण एक्समध्ये फरकच उरत नाही. सगळं नातं त्या एका बिंदूवर टांगलेलं होतं. म्हणून कॅल्क्युलेटरसोबत आलेख कागद घ्याच, आणि आधी बिंदू मांडा, मग बटणं दाबा.

कोल्हापूरकरांना हे पंचगंगा नदीवर करून पाहता येईल. एक्स म्हणजे नदीच्या वरच्या बाजूच्या राधानगरी भागातला रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये, वाय म्हणजे कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरची नदीची पातळी फुटांत. त्याच दिवसाची जोडी लावली तर नातं फिकं दिसू शकतं, कारण पाणी खाली उतरायला वेळ लागतो. आजचा पाऊस उद्याच्या पातळीशी जोडून दोन्ही आर ताडून पाहा. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की पातळी पावसाशिवायही चढते. हा तिसरा घटक तक्त्यात नसतोच, त्यामुळे ते दिवस आलेखावर वेगळ्या रंगाने मांडा. पातळी फुटांऐवजी मीटरमध्ये लिहिली तर बी बदलेल, आर नाही.

आणि वाय-हॅटच्या बटणाचा मोह आवरा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. नदी पात्रात असतानाच्या आकड्यांवरून काढलेली रेषा पुढे ताणून ‘इतका पाऊस झाला की ४३ गाठणार’ असं सांगू नका. पात्राबाहेर पडलेलं पाणी शेतात पसरतं आणि तेवढ्याच पाण्याने पातळी कमी चढते. रेषा तिथे वाकते, कॅल्क्युलेटर मात्र सरळच काढत राहतो.