गॅरेजच्या दाराची स्प्रिंग: पिळाची की ताणाची, आणि बदलायची कोणी?

गॅरेजचं दार मोटर उचलते, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात वजन पेलते ती स्प्रिंग. मोटर फक्त तोललेलं दार वर-खाली नेते. दोन गाड्यांचं पत्र्याचं दार सहज 70-80 किलोंच्या घरात जातं, तरी स्प्रिंग धड असेल तर ते एका हाताने उचलता येतं. स्प्रिंग थकली की सगळा भार मोटरवर येतो. मोटर कण्हायला लागते आणि लोक मोटरच बदलतात. काही महिन्यांनी नवी मोटरही तशीच कण्हते. तेव्हा कुठली स्प्रिंग घ्यायची हे ठरवण्याआधी दुखणं स्प्रिंगचंच आहे ना, हे पाहून घ्या.

तुटलेली स्प्रिंग ओळखणं सोपं आहे. गॅरेजमधून बंदुकीच्या बारासारखा आवाज येतो आणि त्यानंतर दार वीतभर उचलून थांबतं. वरच्या स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये दोन-तीन बोटं मावतील अशी फट दिसते. पण थकलेली, अजून न तुटलेली स्प्रिंग नुसतं पाहून कळेलच असं नाही. दार एका बाजूला तिरकं चढतं, दार ओढणारी तारेची केबल ढिली पडते, दार बंद होताना शेवटी धाडकन आपटतं, वेढ्यांवर गंज चढलेला असतो. यातलं काही दिसलं की तोलाची चाचणी करा.

दार पूर्ण बंद करा. ओपनरला, म्हणजे दार चालवणाऱ्या मोटरच्या यंत्रणेला, लटकणारी दोरी, बहुधा लाल असते, ती ओढून मोटर दारापासून सोडवा. मग दार हाताने कमरेएवढं उचला आणि हात हलकेच काढा, पण जवळच ठेवा. दार तिथेच थांबलं तर तोल ठीक आहे. खाली घसरलं तर स्प्रिंगचा जोर कमी पडतोय. आपोआप वर पळालं तर जोर जास्त आहे, आणि तेही चांगलं नाही. उचलतानाच दार जड लागलं, तर ओढाताण न करता ते हळूच खाली टेकवा आणि चाचणी तिथेच थांबवा. आणि हे मनावर कोरून ठेवा: दार उघडं असताना ती दोरी कधीही ओढू नका. स्प्रिंग तुटलेली असेल तर अख्खं दार एका क्षणात खाली येतं, आणि त्याखाली बहुतेक वेळा आपणच उभे असतो.

आता दोन प्रकार. टॉर्शन स्प्रिंग म्हणजे पिळाची. दाराच्या वर, भिंतीला समांतर असलेल्या दांड्यावर ती बसवलेली असते. दार खाली येताना तिला पीळ पडतो, वर जाताना तो सुटतो, आणि दांड्याच्या टोकांवरचे ड्रम केबल गुंडाळतात. एक्स्टेन्शन स्प्रिंग म्हणजे ताणाची. ती दोन्ही बाजूंना, छताजवळच्या आडव्या रुळांच्या वर असते आणि दार खाली आलं की लांब होते.

चालताना पिळाची स्प्रिंग सरस आहे, यात मला शंका नाही. दोन्ही बाजू एकाच दांड्याने बांधलेल्या असल्यामुळे दार समान उचललं जातं आणि धक्के कमी बसतात. ती तुटली तरी दांड्यावरच राहते. ताणाच्या जोडीत मात्र दोन स्प्रिंगांचा जोर थोडा इकडेतिकडे झाला की दार तिरकं होतं आणि रूळ घासायला लागतात. त्याहून गंभीर म्हणजे ती तुटली की तिचा तुकडा गॅरेजभर उडू शकतो. म्हणून प्रत्येक ताणाच्या स्प्रिंगच्या पोटातून एक सुरक्षा केबल ओवलेली असायला हवी. तुमच्याकडे ती नसेल, तर स्प्रिंग कितीही नवी असली तरी पहिलं काम तेच.

बदलण्याच्या बाबतीत मात्र पारडं उलटं फिरतं. ताणाची स्प्रिंग दार पूर्ण उघडं असताना जवळजवळ सैल असते. मोटरचा प्लग काढून, रुळात रोलरच्या खाली दोन्ही बाजूंना पकडीचे पाने (लॉकिंग प्लायर) घट्ट आवळून दार वरच अडकवलं, की ती बऱ्याच शांतपणे उतरवता येते. धीराचा, हाताला सवय असलेला माणूस सोबतीला कुणाला घेऊन हे करू शकतो. अट एकच: दोन्ही स्प्रिंग शाबूत हव्यात. एक तुटलेली असेल तर एवढं जड दार वर चढवायलाच जाणकार माणूस लागतो.

पिळाच्या स्प्रिंगला अशी सैल वेळ नसते. ती दार बंद असताना, म्हणजे पूर्ण पिळलेली असताना उतरवावी लागते. कोनमधले, म्हणजे स्प्रिंगच्या टोकावरच्या, भोकांत सळई घालून पीळ देण्याच्या भागातले, स्क्रू सैल केले की तो सगळा पीळ तुमच्या हातातल्या सळईवर येतो. साधारण सव्वादोन मीटर उंचीच्या दाराच्या स्प्रिंगला पिळाचे सुमारे साडेसात फेरे असतात, म्हणजे पाव-पाव फेऱ्याने तीसेक वेळा सळई बदलायची, आणि नवी चढवताना पुन्हा तेवढीच. भोकात चपखल बसणाऱ्या सळया नसल्या आणि स्क्रूड्रायव्हरवर भागवायला गेलात, तर तो निसटतो. बोटं, मनगट, जबडा जातो तो इथेच. माझं मत स्पष्ट आहे: पिळाच्या स्प्रिंगला स्वतः हात लावू नका. दाराच्या तळाशी कोपऱ्यात केबल जिथे अडकवलेली असते, ती पट्टीही खोलू नका. ती साधी बिजागरी वाटते, पण सगळा ताण तिच्यावरच असतो.

एकच बदलायची की दोन्ही? दोन्ही. एकाच दिवशी बसवलेल्या स्प्रिंगांनी सारखंच काम केलेलं असतं. एक गेली की दुसरीचे दिवसही भरत आलेले असतात. शिवाय नव्या-जुन्याची जोडी तोल बिघडवते.

आयुष्य वर्षांत मोजत नाहीत, फेऱ्यांत मोजतात: एकदा उघडून बंद केलं की एक फेरी. नेहमीची स्प्रिंग सुमारे 10,000 फेऱ्यांसाठी बनवलेली असते. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर जेमतेम सात वर्षं. 20,000 फेऱ्यांची घेतली तर साडेतेराच्या पुढे. जास्त फेऱ्यांच्या स्प्रिंगची तार जाड आणि लांबी जास्त असते, म्हणून दांड्यावर तेवढी जागा आहे का ते आधी मोजून घ्यावं लागतं. पण बसवण्याचे कष्ट दोन्हीला सारखेच. घराची ये-जा गॅरेजमधूनच होत असेल तर मी बिनदिक्कत जास्त फेऱ्यांची घेईन. गाडी आठवड्यातून एकदाच निघत असेल तर साधी पुरे.

ताणाच्या दोन्ही स्प्रिंग थकल्या असतील, दार जड असेल आणि दाराच्या वर साधारण 30 सेंटीमीटर मोकळी जागा असेल, तर त्याच वेळी पिळाच्या स्प्रिंगकडे वळणं मला योग्य वाटतं. दांडा, ड्रम, केबल सगळं नवं लागतं, त्यामुळे खर्च वाढतो. दार हलकं असेल किंवा छत खाली असेल तर ताणाचीच नवी जोडी घ्या. तिच्या टोकावरचा रंग दाराच्या वजनाप्रमाणे ठरलेला असतो. दोन्हीचा रंग एकच हवा, आणि तो फिका पडला असेल तर दाराचं वजन करूनच घ्या.

पिळाची मागवताना चार गोष्टी नेमक्या लागतात: तारेची जाडी, आतला व्यास, लांबी आणि पीळ डावा की उजवा. जाडीसाठी एक वेढा मोजू नका. स्प्रिंगला हात न लावता, चिकटलेल्या 20 वेढ्यांची लांबी पट्टीने मोजून 20 ने भागा. जाडीत मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाचा फरक पडला तरी जोर बदलतो.

नवी स्प्रिंग बसली की तोलाची तीच चाचणी कारागीर समोर असतानाच करून घ्या, कमरेपाशी आणि खांद्यापाशीही. दार थांबत नसेल तर पाव फेऱ्याची दुरुस्ती त्याच्या हातून त्याच वेळी होते. त्यानंतर वेढ्यांवर हलकं तेल फिरवा आणि शेवटी मोटर जोडा.