सेंट जॉन्स की फिट्झविल्यम? केंब्रिजचं कॉलेज निवडताना

केंब्रिजच्या अर्जात एक रकाना असा असतो की बरीच मुलं तिथे येऊन थबकतात: कॉलेज कोणतं? विषय ठरलेला असतो, गुणांचा अंदाज असतो, घरी पैशांची जुळवाजुळव सुरू झालेली असते, आणि समोर पदवीचे विद्यार्थी घेणाऱ्या २९ कॉलेजांची यादी. ट्रिनिटी आणि किंग्ज ही नावं कानावरून गेलेली असतात. मराठी घरात आणखी दोन नावं ओळखीची निघतात, ती आपल्या रँग्लरांमुळे. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सेंट जॉन्समध्ये शिकले आणि १८९९ साली सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या पदवी परीक्षेत पहिले, झाले. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर १९५७ मध्ये बनारसहून फिट्झविल्यममध्ये दाखल झाले. ही दोन कॉलेजं एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की ती शेजारी ठेवून पाहिली की आपल्याला काय हवंय ते बऱ्यापैकी उलगडतं. म्हणून इथे ही दोनच घेतली आहेत.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा, कारण पुण्या-मुंबईत आपण 'कॉलेज' म्हणतो तेव्हा वर्ग, प्राध्यापक, प्रयोगशाळा, परीक्षा सगळं त्यात येतं. केंब्रिजमध्ये तसं नाही. व्याख्यानं, प्रयोगशाळा, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. सेंट जॉन्सचा आणि फिट्झविल्यमचा गणिताचा विद्यार्थी एकाच सभागृहात एकाच बाकावर बसतो आणि तीच प्रश्नपत्रिका सोडवतो. कॉलेज देतं ती राहायची खोली, जेवण, ग्रंथालय, अडीनडीला उभा राहणारा ट्यूटर, आणि 'सुपरव्हिजन'. प्रवेशाचा निर्णयही कॉलेजचाच.

सुपरव्हिजनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण केंब्रिजचं खरं शिक्षण तिथे होतं. आठवड्याला साधारण प्रत्येक विषयाचा एक तास. समोर एक शिक्षक, आणि विद्यार्थी एक, दोन किंवा फार तर तीन. आदल्या दिवशी सोडवून दिलेली गणितं किंवा लिहून दिलेला निबंध शिक्षकाच्या हातात असतो, त्यावर पेन्सिलीच्या खुणा असतात. "ही पायरी कुठून आली?" असं विचारलं की पळवाट नसते. मागच्या बाकावर लपायला मागचा बाकच नाही. आपल्याकडून ९८ टक्के घेऊन गेलेल्या मुलांना पहिल्या सत्रात सर्वांत जड जातं ते हेच, आणि वर्ष संपताना सर्वांत जास्त कामाला आलेलंही हेच. ही व्यवस्था दोन्ही कॉलेजांत सारखी आहे. शिवाय शिक्षक आपल्याच कॉलेजचा असेल असंही नाही. खुद्द नारळीकरांचं उदाहरण बघा: ते फिट्झविल्यमचे विद्यार्थी, पीएचडीचे मार्गदर्शक फ्रेड हॉयल सेंट जॉन्सचे फेलो (कॉलेजच्या विद्वानमंडळाचे सदस्य), आणि पुढे नारळीकर स्वतः किंग्जचे फेलो झाले. कॉलेजच्या भिंती ज्ञानाच्या आड येत नाहीत. त्यामुळे 'चांगलं कॉलेज कोणतं' या प्रश्नावर रात्री जागवू नका. तीन-चार वर्षं कुठे झोपणार, काय खाणार, कोणासोबत राहणार आणि किती खर्च येणार, हे प्रश्न खरे.

आणि या प्रश्नांची उत्तरं दोन्ही ठिकाणी वेगळी का आहेत, ते इतिहासात सापडतं.

सेंट जॉन्सची स्थापना १५११ ची. सातव्या हेन्रीची आई लेडी मार्गारेट ब्यूफर्ट हिची ती इच्छा. ती १५०९ मध्ये वारली आणि बिशप जॉन फिशर यांनी चिकाटीने ती तडीला नेली. त्या जागी आधी संत जॉनच्या नावाचं जुनं धर्मादाय रुग्णालय होतं. रस्त्यावरून आत शिरताना मुख्य दरवाजावर लेडी मार्गारेटची राजचिन्हं अजून रंगवलेली दिसतात. त्यामागे एकापाठोपाठ एक चौक लागतात: पहिला सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, दुसरा त्याच शतकाच्या अखेरीचा, मग तिसरा, आणि कॅम नदी ओलांडून एकोणिसाव्या शतकातला न्यू कोर्ट. नदीवरचा 'ब्रिज ऑफ साय्ज' हा झाकलेला पूल १८३१ चा. पर्यटक होडीतून त्याचे फोटो काढत असतात आणि मुलं त्यावरून धुण्याचे कपडे घेऊन जात असतात. पाचशे वर्षांत जमा झालेल्या जमिनी आणि देणग्या यांमुळे हे केंब्रिजच्या सर्वांत श्रीमंत कॉलेजांपैकी एक आहे. वर्ड्सवर्थ इथलाच. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेला विल्बरफोर्स इथलाच. पॉल डिरॅक आणि अब्दुस सलाम इथले. मनमोहन सिंग १९५५ ते ५७ इथे अर्थशास्त्र शिकले आणि पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

फिट्झविल्यमची कूळकथा याच्या अगदी उलट आहे, आणि मला ती जास्त भिडते. एकोणिसाव्या शतकात कॉलेजचा खर्च झेपत नसेल तर केंब्रिजचं दार बंदच होतं. १८६९ मध्ये विद्यापीठाने अशा विद्यार्थ्यांसाठी वेगळी सोय केली: कोणत्याही कॉलेजचे सभासद न होता शिका, गावात भाड्याने खोली घेऊन राहा, पदवी तीच मिळेल. या मंडळींना बसा-उठायला ट्रंपिंग्टन स्ट्रीटवर, फिट्झविल्यम संग्रहालयासमोर, एक घर मिळालं. त्यावरून आधी फिट्झविल्यम हॉल आणि मग फिट्झविल्यम हाउस हे नाव पडलं. प्रमुखाला मास्टर न म्हणता 'सेन्सर' म्हणत. १९१९ मध्ये सत्र सुरू झाल्यावर उशिरा पोहोचलेल्या सुभाषचंद्र बोसांना प्रवेशासाठी मदत केली ती इथल्या सेन्सर रेडवे यांनीच. नारळीकर आले तेव्हाही हे 'हाउस'च होतं आणि मुलं गावातल्या घरमालकिणींकडे राहत. हंटिंगडन रोडवर स्वतःच्या इमारती उभ्या राहू लागल्या त्या १९६० च्या दशकात, आणि पूर्ण कॉलेजचा दर्जा मिळाला १९६६ मध्ये. म्हणजे ज्याला आज आपण निवासी कॉलेज म्हणतो ते फिट्झविल्यम साठ वर्षांचं आहे, पण त्याच्या मागची भावना दीडशे वर्षांची.

ही भावना आजही जाणवते. सरकारी शाळांतून आलेल्या ब्रिटिश मुलांचं इथलं प्रमाण चांगलं असतं असा लौकिक आहे, आणि नवख्याला इथे बुजल्यासारखं होत नाही. सेंट जॉन्सही आता सर्व थरांतली मुलं घेतं आणि गरजू ब्रिटिश विद्यार्थ्यांना भरघोस मदत करतं. पण पहिल्या रात्री त्या उंच लाकडी छताखाली, मेणबत्त्यांच्या उजेडात, भिंतीवरच्या तैलचित्रांच्या नजरेखाली लॅटिन प्रार्थना ऐकताना काही मुलांची छाती अभिमानाने भरून येते आणि काहींना आपण चुकीच्या घरात शिरलो असं वाटतं. तुम्ही यांतले कोण, हे तुमचं तुम्हालाच माहीत. दोन्हींत वावगं काही नाही.

जागा आणि रोजचं चालणं

सेंट जॉन्स गावाच्या मधोमध आहे. बाजारचौक पाच मिनिटांवर, ट्रिनिटी भिंतीला भिंत लागून, मागे नदी आणि हिरवळ. याची किंमत म्हणजे पर्यटकांची वर्दळ. फिट्झविल्यम कॅसल हिलच्या वर, गावापासून चालत पंधरा-वीस मिनिटं. केंब्रिजमध्ये चढ असा तो एवढाच, आणि हिवाळ्यात समोरून वारा असताना सायकलवर तो चांगलाच जाणवतो. त्या बदल्यात शांतता मिळते. आवारात 'द ग्रोव्ह' नावाचा जुना बंगला आणि बाग आहे. चार्ल्स डार्विनच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी एमा हिवाळ्यात तिथे राहायची. मुख्य इमारती वास्तुविशारद डेनिस लॅस्डनच्या, तपकिरी विटांच्या. फोटोत त्या रुक्ष दिसतात. जेवणघराचं उंच खिडक्यांचं छप्पर मात्र आत बसून पाहिलं की आवडतं.

विषयाप्रमाणे हे गणित बदलतं. गणिताची इमारत विल्बरफोर्स रोडवर आहे, खगोलशास्त्र मॅडिंग्ले रोडवर, भौतिकशास्त्र त्याच्याही पश्चिमेला. फिट्झविल्यमहून हे सगळं सोयीचं पडतं. अर्थशास्त्र, कायदा, इतिहास यांच्यासाठी सिजविक साइटला जावं लागतं, तिथे दोन्हीकडून फार फरक नाही. अभियांत्रिकी आणि रसायनशास्त्र गावाच्या दक्षिण टोकाला, तिथे सेंट जॉन्सवाले लवकर पोहोचतात. पदवीच्या विद्यार्थ्याने सत्रात ग्रेट सेंट मेरीज चर्चपासून तीन मैलांच्या आत राहायचं असा विद्यापीठाचा नियमच आहे, त्यामुळे कोणतंच कॉलेज तसं 'लांब' नाही. सायकल मात्र दोन्हीकडे घ्यावीच लागेल.

खोलीच्या बाबतीत दोन्ही कॉलेजं पदवीच्या तिन्ही वर्षांत राहायची सोय करतात, आणि परक्या देशात घरमालक शोधण्याची यातायात वाचते ही मोठी गोष्ट आहे. सेंट जॉन्समध्ये चारशे वर्षं जुन्या जिन्यावरची खोली मिळू शकते, किंवा १९६० च्या दशकातल्या क्रिप्स इमारतीतली. खोल्या वाटण्याची पद्धत आणि भाडं दरवर्षी बदलतं, ते कॉलेजच्या निवास विभागाला ईमेल करून विचारा. सत्रं जेमतेम आठ आठवड्यांची असतात. सुट्टीत खोली रिकामी करावी लागते का, सामान ठेवायला जागा देतात का, हे आत्ताच विचारून घ्या. इंग्रज मुलांचे आईवडील गाडी घेऊन येतात आणि सामान घरी नेतात. आपल्या मुलाला ती सोय नाही.

स्वयंपाकघर

मराठी आयांचा पहिला प्रश्न जेवणाचाच असतो आणि तो रास्त आहे. दोन्ही कॉलेजांच्या जेवणघरात शाकाहारी पदार्थ रोज मिळतात. पण महिनाभरात मुलाला वरण-भात आठवतो. मजल्यावरच्या छोट्या सामायिक स्वयंपाकघराला केंब्रिजमध्ये 'जिप' म्हणतात. प्रत्येक जिपमध्ये काय असेल याचा भरवसा नाही: कुठे नीट शेगडी, कुठे नुसता मायक्रोवेव्ह. तेल तापवून मोहरी तडतडवली की धुराचा अलार्म वाजण्याची शक्यता दोन्हीकडे सारखीच. अलार्म वाजला तर अख्खा जिना थंडीत बाहेर उभा राहतो. कुकर नेण्याआधी परवानगी विचारा. रोज स्वतः रांधून खाणार असाल तर जुन्या इमारतीच्या देखणेपणापेक्षा जिपमधली शेगडी महत्त्वाची, आणि तशी खोली मागून घेता येते.

मोकळा वेळ

इथे सेंट जॉन्सचं पारडं जड आहे, हे सरळ सांगतो. त्यांचा लेडी मार्गारेट बोट क्लब १८२५ चा. 'ब्लेझर' हा शब्द त्यांच्या लालभडक कोटांवरून आला असं म्हणतात. कॉलेजचं गायकवृंद जगभर नावाजलेलं आहे, आणि सत्रात चॅपलमध्ये होणारी संध्याकाळची प्रार्थना कोणीही जाऊन ऐकू शकतं. रग्बी, 'मे बॉल' नावाचा जूनमधला रात्रभराचा जलसा, नाटकाला पैसा, प्रवासाला अनुदान, संगीताच्या खोल्या: श्रीमंतीचा उपयोग इथे दिसतो. फिट्झविल्यमलाही बोट क्लब आहे, फुटबॉलचं वेड आहे, चांगलं सभागृह आणि नवं ग्रंथालय आहे. मात्र तिथली खरी मजा बारमध्ये आणि शेजारच्या मरे एडवर्ड्स व चर्चिल कॉलेजांत आहे. टेकडीवरची मुलं एकमेकांकडे येत-जात राहतात. नाव वल्हवणं कोणीही, कधीही न केलेलं असलं तरी, शिकू शकतं. पहाटे नदीवर जायची तयारी हवी.

मुलींसाठी एक गोष्ट. दोन्ही कॉलेजं दीर्घकाळ फक्त मुलांची होती. फिट्झविल्यमने १९७९ मध्ये मुलींना घेतलं, सेंट जॉन्सने पदवीसाठी १९८२ मध्ये. आज दोन्हीकडे मुली मोठ्या संख्येने आहेत आणि यावरून निवड करायचं कारण उरलेलं नाही. फक्त मुलींचंच कॉलेज हवं असेल तर मरे एडवर्ड्स आणि न्यूनहॅम पाहा.

अर्ज करताना

परदेशी विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या शुल्काखेरीज कॉलेजचं वेगळं शुल्क भरावं लागतं आणि ते प्रत्येक कॉलेजात निराळं असतं. हा आकडा दोन्हींच्या संकेतस्थळांवर शोधा, भाडं त्यात मिळवा, आणि तीन वर्षांची बेरीज करून मगच बोला. 'श्रीमंत कॉलेज म्हणजे आपल्यालाही पैसे मिळतील' असं धरून चालू नका. पदवीच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी मदत सगळीकडेच मोजकी आहे. सेंट जॉन्सने मनमोहन सिंगांच्या नावाने भारतीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली होती. तुमच्या वर्षी ती कोणाला खुली आहे, हे थेट विचारावं.

अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर असते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. गणितासाठी 'स्टेप' या वेगळ्या प्रवेशपरीक्षेची तयारी अकरावीपासूनच लागते. राज्य मंडळाची बारावी असेल तर ती कितपत ग्राह्य धरतात, हे अर्जाच्या आधी प्रवेश कार्यालयाकडून लेखी घ्या.

कॉलेज चुकलं तर संधी गेली असं होत नाही. चांगला पण जागेअभावी राहिलेला अर्ज जानेवारीत 'पूल'मध्ये, म्हणजे सगळ्या कॉलेजांच्या सामायिक यादीत, जातो आणि दुसरं कॉलेज तो उचलू शकतं. दरवर्षी शेकडो मुलांना असाच प्रवेश मिळतो. सेंट जॉन्सला अर्ज करून फिट्झविल्यमचं पत्र येणं यात कमीपणा काही नाही. आणि खरोखरच ठरत नसेल तर कॉलेजचं नाव न देता 'ओपन' अर्ज करा, संगणक तुम्हाला अर्ज कमी आलेल्या कॉलेजात टाकतो.

मला विचाराल तर, संगीत, नौका किंवा नाटक यांची मनापासून ओढ असलेल्या आणि गजबजाटात रमणाऱ्या मुलाने सेंट जॉन्स लिहावं. गणित, भौतिकशास्त्र किंवा खगोलशास्त्राला जाणाऱ्या, घर सोडून पहिल्यांदाच राहणाऱ्या आणि थाटामाटाने दबून जाणाऱ्या मुलाला मी फिट्झविल्यम सुचवतो.

पदव्युत्तर किंवा पीएचडीला जाणाऱ्यांनी यातलं निम्मं विसरावं. तिथे आधी मार्गदर्शक आणि विभाग, मग पैसा, आणि शेवटी कॉलेज. भारतीय पदवीधरांसाठी जे. एन. टाटा एन्डाउमेंटची कर्जरूपी शिष्यवृत्ती १८९२ पासून आहे, केंब्रिज ट्रस्टचे पर्यायही पाहावेत. सोबत जोडीदार किंवा मूल येणार असेल तर कॉलेजकडे कुटुंबासाठी घर आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. 'नाही' असं उत्तर आलं तर दुसरं कॉलेज बघा.