‘एक सेमिस्टर मिलानमध्ये’: कोल्हापुरात आमची झालेली फसवणूक

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागातल्या डिझाइनच्या मुलामुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे वाचावं, म्हणून लिहिते आहे. इटलीत एक सेमिस्टर शिकायला पाठवतो असं सांगून एका माणसाने आमच्या घरातून ३ लाख ८५ हजार रुपये नेले. आमच्यासारखी आणखी घरं आहेत. काहींनी शेतीवर कर्ज काढलंय, एकांनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडली. त्या माणसाचं राजारामपुरीतलं ऑफिस बंद आहे, पण धंदा बंद झालाय असं मला वाटत नाही.

माझे आण्णा आणि काका सुभाषनगरात चपला बनवतात. मी अ‍ॅक्सेसरी डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला रॅम्पवर आणल्या, तेव्हा आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली वस्तू, आणि तिथे कोल्हापूरचं नावसुद्धा नाही, याचा राग प्रत्येकाला होता. जुलैत कंपनीची माणसं इथे येऊन कारागिरांना भेटून गेली. मिलान हे नाव तोवर फक्त माझ्या अभ्यासात होतं, ते आण्णांच्या तोंडी बसलं.

त्या माणसाने नेमकी हीच वेळ धरली. ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये त्याने मोफत सेमिनार ठेवला आणि पालकांना घेऊन यायला सांगितलं. पडद्यावर एका बाजूला रॅम्पचा फोटो, दुसऱ्या बाजूला कापशी प्रकारची कोल्हापुरी चप्पल. “ज्यांनी तुमची चप्पल उचलली, त्यांच्याच शहरात जाऊन तुमच्या मुलांनी शिकून यायचं,” असं तो म्हणाला आणि हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आण्णांनीही वाजवल्या. आपल्या कामाबद्दलचा अभिमान आणि आपल्यावर झालेला अन्याय, दोन्ही एका वाक्यात बांधून कोणी समोर ठेवलं की माणूस हलतो. यात आण्णांचा काही दोष आहे असं मला अजिबात वाटत नाही.

सेमिनारनंतर ‘पोर्टफोलिओ सिलेक्शन’ झालं. तो माझी स्केचेस नीट बघत होता, चपलेवरच्या चामड्याच्या वेणीच्या विणीबद्दल प्रश्न विचारत होता, त्याला आमचे शब्द येत होते. थोड्याच दिवसांत मिलानमधल्या एका नामांकित विद्यापीठाच्या लोगोचं पत्र आलं: जानेवारीपासून एक सेमिस्टर, एक्स्चेंज स्टुडंट म्हणून प्रवेश. माझ्या माहितीत जितक्यांनी पोर्टफोलिओ दिला, तितक्या सगळ्यांना तेच पत्र आलं होतं. हे मात्र आम्हाला खूप उशिरा, एकमेकांशी बोलल्यावर कळलं, कारण “सीट कमी आहेत, कॉलेजात बोलू नका, नाहीतर जळणारे लोक कंप्लेंट करतात,” असं त्याने प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगून ठेवलं होतं.

पैसे टप्प्याटप्प्याने गेले. आधी नोंदणीचे १० हजार. मग जागा पक्की करायला दीड लाख, व्हिसा आणि कागदपत्रांचे ४५ हजार, मिलानमधल्या खोलीची अनामत १ लाख २० हजार. प्रत्येक वेळी मुदत दोन-तीन दिवसांची, आणि प्रत्येक वेळी आधी भरलेले पैसे बुडतील अशी भीती. आईने दागिने पतसंस्थेत तारण ठेवले. दिवाळीच्या मालासाठी चामडं घ्यायला ठेवलेली रक्कम आण्णांनी दिली. “पोरी, शिकायचं हाय नव्हं? मग पैशाचं आम्ही बघतो,” एवढंच ते म्हणाले.

शेवटचे ६० हजार त्याने ज्या नावावर घेतले, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. आम्ही चर्मकार समाजातले आहोत हे कळल्यावर त्याने सांगितलं की राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीतून सगळा खर्च परत मिळेल, फक्त ‘सिक्युरिटी’ भरावी लागेल. ज्या राजाने १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, ज्याने जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहं उघडली, त्याचं नाव आमच्या घरात देवघराच्या शेजारी आहे. त्या नावावर शंका घ्यायचं आईच्या मनातही आलं नाही. म्हणून ही योजना काय आहे ते इथे स्पष्ट लिहिते. ती राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. ती परदेशातल्या पूर्ण पदव्युत्तर पदवीसाठी किंवा पीएचडीसाठी मिळते, आणि विद्यापीठ क्यूएस या जगभरातल्या विद्यापीठांच्या क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये असावं लागतं. पदवीच्या मधल्या एका सेमिस्टरसाठी ती नाहीच. अर्ज थेट समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातो. मध्ये एजंट नसतो आणि सिक्युरिटी नावाची गोष्टही नसते.

बिंग फुटलं ते आमच्या कॉलेजातल्या मॅडममुळे. परत आल्यावर मार्क कसे धरायचे हे विचारायला मी पत्र घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “एका सेमिस्टरला साठ क्रेडिट कसे? युरोपात साठ क्रेडिट म्हणजे अख्खं वर्ष.” युरोपातल्या बहुतेक विद्यापीठांत ईसीटीएस नावाची क्रेडिटची, म्हणजे किती अभ्यास झाला ते मोजण्याची, पद्धत चालते, त्यात वर्षाला ६० आणि सेमिस्टरला ३० क्रेडिट धरतात. पुढचा प्रश्न तारखेचा. पत्रात वर्ग जानेवारीच्या सुरुवातीला सुरू होणार होते. इटलीतल्या विद्यापीठांत जानेवारी-फेब्रुवारी हा साधारण पहिल्या सेमिस्टरच्या परीक्षांचा काळ असतो, दुसरं सेमिस्टर त्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतं. ज्याने पत्र बनवलं त्याला लोगो चिकटवता आला होता, पण तिथलं वेळापत्रक त्याला माहीत नव्हतं.

मॅडमनी त्या पत्रावरच्या ईमेलला उत्तर पाठवू दिलं नाही. विद्यापीठाच्या मूळ संकेतस्थळावर जाऊन तिथल्या आंतरराष्ट्रीय विभागाचा पत्ता काढायला लावला आणि पत्राची प्रत जोडून त्यांना लिहायला सांगितलं. उत्तर नम्र होतं आणि अगदी सरळ होतं. या नावाचा विद्यार्थी आमच्याकडे नोंदलेला नाही, तुमच्या कॉलेजशी आमचा करार नाही, पत्र आमचं नाही, आणि एक्स्चेंजच्या विद्यार्थ्यांकडून आम्ही शिक्षण शुल्क घेत नाही. त्या दिवशी रात्री घरात कोणी जेवलं नाही.

आता एक्स्चेंज खरोखर कसं चालतं ते सांगते, कारण हे आम्हाला आधी कोणी सांगितलं असतं तर त्या माणसाला विकायला काही उरलंच नसतं.

एक्स्चेंज म्हणजे दोन शिक्षणसंस्थांमधला करार. आपलं कॉलेज आणि तिकडचं विद्यापीठ यांनी तो आधी केलेला असतो. त्या कराराखाली आपलं कॉलेज आपलं नाव तिकडे कळवतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात. ते झाल्याशिवाय तिकडचं विद्यापीठ एक्स्चेंजचा अर्ज घेत नाही. फी आपण आपल्याच कॉलेजला भरत राहतो. विमान, खोली, खाणं, विमा, व्हिसा हा खर्च आपला. जाण्याआधी ‘लर्निंग अ‍ॅग्रीमेंट’ तयार होतं, तिकडे कोणते विषय घेणार आणि ते इकडे कशाच्या जागी धरले जाणार याचा कागद. त्यावर तीन सह्या लागतात: विद्यार्थ्याची, इकडच्या संस्थेची आणि तिकडच्या संस्थेची. आमच्यापैकी एकाच्याही हातात असा कागद नव्हता. आपल्या कॉलेजची सही ज्यात कुठेच लागत नाही, असं एक्स्चेंज असूच शकत नाही.

युरोपीय संघाची इरॅस्मस प्लस योजनाही त्याने स्लाइडवर दाखवली होती. ती खरी आहे. इरॅस्मस १९८७ पासून चालू आहे आणि भारतातल्या संस्थांचे विद्यार्थीही तिच्यातून जाऊ शकतात. पण तेही संस्थांमधल्या करारानेच, आणि त्यात विद्यार्थ्याला उलट अनुदान मिळतं. कॉलेजचा करार नसताना एखादा विद्यार्थी स्वतः फी भरून व्हिजिटिंग स्टुडंट म्हणून किंवा समर स्कूलला जाऊ शकतो. तो रस्ता महागडा असला तरी खोटा नाही. फक्त त्यात अर्ज विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आपणच करायचा असतो आणि फी आपल्या बँकेतून युरोमध्ये थेट विद्यापीठाच्या खात्यात जाते. त्यासाठी बँक परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरून घेते आणि प्रवेशाचं पत्र बघते. आमचे पैसे कोल्हापुरातल्याच एका ट्रेडिंग फर्मच्या चालू खात्यात आणि काही रक्कम एका माणसाच्या यूपीआयवर गेली होती. इटलीची फी, आणि बँकेत परकीय चलनाचा एकही कागद नाही.

व्हिसाबद्दल त्याने जे सांगितलं ते तर मुलांना संकटात टाकणारं होतं. “टुरिस्ट व्हिसावर सगळ्यांना ग्रुपने नेतो, तिथे गेल्यावर स्टुडंटमध्ये कन्व्हर्ट होतो,” असं तो म्हणायचा. शेंगेनच्या, म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या, कमी मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पूर्ण सेमिस्टरसाठी इटलीचा ‘डी’ प्रकारचा, शिक्षणासाठीचा व्हिसा इथूनच काढून जावं लागतं, आणि त्याची सरकारी फी ५० युरो आहे. व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं धरलं तरी तो आकडा ४५ हजारांच्या जवळपासही जात नाही. त्या सल्ल्याने कोणी गेलं असतं आणि मुदतीपेक्षा जास्त राहिलं असतं, तर युरोपचा दरवाजा त्या मुलासाठी कित्येक वर्षं बंद झाला असता.

खोलीचंही तसंच. पाठवलेला फोटो इंटरनेटवर शोधून पाहिला तेव्हा तो एका हॉटेलच्या पानावर निघाला. इटलीत महिन्याभरापेक्षा जास्त मुदतीच्या भाड्याचा करार तिथल्या कर खात्याकडे नोंदवावा लागतो. मालकाचं नाव आणि करारच नसेल तर अनामत कसली?

आणि पासपोर्ट. ‘व्हिसाच्या प्रोसेस’साठी म्हणून त्याने सगळ्यांचे मूळ पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतले होते. आम्ही पैसे परत मागू लागलो तेव्हा, “पासपोर्ट पाहिजे तर आधी कॅन्सलेशन चार्ज भरा,” असं उत्तर मिळालं. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, कोणत्याही एजंटला तो अडवून ठेवता येत नाही. हे कलम आम्ही लेखी तक्रारीत घातलं, पोलिसांचा फोन गेला आणि पासपोर्ट एका पाकिटातून परत आले. पैशांच्या बाबतीत असं झालं नाही.

एका पोलीस ठाण्यात सुरुवातीला आम्हाला सांगण्यात आलं की हा देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. हे ऐकून बरेच पालक गप्प घरी जातात. जाऊ नका. खोटं पत्र दाखवून पैसे घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीचा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षेचा, आणि बनावट कागद खरा म्हणून वापरणं हा वेगळा गुन्हा. आमच्या तक्रारीचं वजन वाढलं ते विद्यापीठाच्या ईमेलमुळे. पत्र बनावट आहे हे विद्यापीठानेच लिहून दिल्यावर ‘वाद’ शब्द कोणी वापरला नाही.

ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. लगेच म्हणजे त्याच दिवशी, जमलं तर त्याच तासाला, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी कळलं तरच बँक ती गोठवू शकते. आमची शेवटची रक्कम ताजी होती, तिचा काही भाग गोठवला गेला. आधीच्या रकमा केव्हाच पुढे गेल्या होत्या. शिवाय ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. वकील परवडत नाही म्हणून थांबलेल्यांनी हे लक्षात घ्यावं, तक्रार स्वतः मांडता येते.

आपल्या कॉलेजांविषयीही बोलायला हवं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांमध्ये एक्स्चेंजचा वेगळा विभाग असतो, भिंतीवर करारांची यादी असते. आमच्याकडे हा प्रश्न विचारायचा कोणाला हेच विद्यार्थ्याला ठाऊक नसतं. तो माणूस बरोबर त्या रिकाम्या जागेत येऊन बसला. कॉलेजने दर वर्षी प्रवेशाच्या वेळी एक ओळ लेखी द्यावी: आमचे करार या विद्यापीठांशी आहेत, किंवा कोणाशीही नाहीत. एवढ्या एका ओळीने आमच्या आईचे दागिने वाचले असते. मॅडमच्या पुढाकाराने आमच्या विभागाने तशी नोटीस लावली आहे. बाकीच्या कॉलेजांनी लावावी, यासाठी आम्ही विद्यार्थी अर्ज घेऊन फिरतो आहोत.

ज्यांनी याच सेमिनारनंतर पैसे भरले आणि अजून कोणाला सांगितलं नाही, त्यांच्यासाठी: बँकेचं स्टेटमेंट, यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं आणि ते पत्र जपून ठेवा, काही डिलीट करू नका. नंबर ब्लॉक करण्याआधी संभाषण बाहेर काढून घ्या. गडहिंग्लज आणि इचलकरंजीच्या पालकांनी आमच्यासोबत एकत्र अर्ज दिला आहे. तक्रारदार वाढले आणि एकूण रक्कम मोठी झाली की तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे द्यावा अशी मागणी करता येते, आणि आम्ही ती केली आहे. तुमचा जबाब त्याच गुन्ह्यात जोडून घेता येईल. आपल्या जवळच्या पोलीस ठाण्यात जा, आणि जाताना विद्यापीठाला स्वतः ईमेल करून आलेलं उत्तर छापून सोबत न्या.