माशांच्या पाण्यावर पालक आणि माझे 45 हजार

प्रदर्शनातल्या त्या स्टॉलवर काचेच्या टाकीत मासे फिरत होते आणि वर पालक असा माजला होता की सौ.ने तिथंच विचारलं, "जुडी केवढ्याला?" विक्रेता हसला. "विकत कशाला घेता काकू? माती नको, खत नको. तुम्ही फक्त माशांना खायला घाला."

पाचशे लिटरची टाकी, पालकासाठी दोन ट्रे, टाकीतलं पाणी त्यात चढवायला पंप, ट्रेत मातीऐवजी भरायला भाजलेल्या मातीच्या गोळ्या, तिलापिया माशाची शंभर पिल्लं. 42 हजार, सगळे आगाऊ. पावती कच्ची, पण तेव्हा कोण बघतो!

धायरीला आमच्या गच्चीवर त्याचा पोरगा आला, टाकीत नळाचं पाणी भरलं आणि तासाभरात मासे सोडून गेला. खरी मेख इथंच आहे. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो माशांना विषारी. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. हे नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. पण ते जिवाणू टाकीत स्थिरावायला चार-सहा आठवडे जातात, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना आणि माशांना, दोघांनाही बाधतं. तोवर शंभर मासे सोडणं म्हणजे त्यांना मारणंच. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. फोन केला, तर "जिवाणूंची पावडर" 3 हजारांना तयारच होती! मी तीही घेतली. आठवड्यात सत्त्याण्णव मासे गेले. रोज सकाळी चहाआधी जाळीनं मेलेले मासे काढायचे, हे माझं काम.

मग पालकही पिवळा पडला, शिरा तेवढ्या हिरव्या. शेजारचे एक निवृत्त प्राध्यापक बघायला आले. त्यांनी ट्रेमधला एक खडा घेऊन त्यावर लिंबू पिळलं. फसफसलं. गोळ्यांच्या नावाखाली संगमरवराचा चुरा भरला होता, वरचा थर तेवढा गोळ्यांचा. त्या चुऱ्यानं पाण्याचा पीएच चढतो, म्हणजे पाणी अल्कधर्मी होतं. मग अमोनिया आणखी विषारी होतो आणि झाडांना लोह मिळत नाही. माणसानं अक्षरशः चुना लावला होता.

फोन आता लागत नाही. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका प्रदर्शनात तोच स्टॉल दिसला, नाव नवं. तो गिऱ्हाइकात गुंतलेला पाहून मी टाकीवरचं पालकाचं एक रोप हळूच उपटलं. मुळाशी कुंडीतल्या लाल मातीचा गोळा होता.